अकरा दिवसांची उचकी

आमच्या घरात आजारी पडणं सोपं नव्हतं. इतरांच्या घरी कुणाला ताप आला की ते गोळी घेत आणि पांघरूण घेऊन पडत. आमच्याकडे साधी शिंक आली तरी आधी तीन माणसांची तीन निदानं होत, आणि तिघांचं एकमत होईपर्यंत शिंकणारा आपणहून बरा झालेला असे. भाऊंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मते जगातल्या प्रत्येक रोगाचं मूळ जंतू. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा उतरवून घ्यायच्या कामावर होते. पाळी संपवून घरी येत तेव्हा दात आणि डोळ्यांचं पांढरं सोडलं तर सगळे काळेच असत. पण आम्ही हात धुतले की नाही हे ते उंबऱ्यावरूनच विचारत. प्यायचं पाणी उकळून, तुरटी फिरवून, दुपदरी फडक्यातून गाळून मग माठात जाई, आणि इतकं सगळं होईतो ते पाणी प्यायची कुणाची इच्छा उरत नसे. आई झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. पहिली ते चौथीची मुलं वर्षानुवर्षं सांभाळून तिचं मत असं झालं होतं की शंभरातले नव्वद आजार हे आळसाचेच प्रकार असतात आणि उरलेले दहा गृहपाठाचे.

तिसरं निदान आत्याचं. आत्या ही भाऊंची थोरली बहीण. कळवणजवळच्या खेड्यात राहायची; नवरा वारल्यावर भाऊ तिला आमच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये घेऊन आले. येताना तिने एक पत्र्याची पेटी, नागलीच्या पिठाचा डबा आणि स्वतःचं वैद्यकशास्त्र आणलं. या शास्त्रात तीनच रोग होते: उष्णता, वात आणि पोटभर न जेवणं. त्यातला पहिला आणि दुसरा हे तिसऱ्यामुळे होत असल्याने औषध एकच होतं. तिच्या हातची नागलीची भाकरी, काळ्या मसाल्याचं कालवण आणि दगडावर रगडलेला मिरचीचा ठेचा. हे खाऊन घाम फुटला की रोग घामावाटे गेला असं ती जाहीर करी. जाहीर करी म्हणजे खरोखरच जाहीर करी. आत्या घरात बोलली की मागच्या रांगेतल्या क्वार्टरांनाही आमच्याकडे कोण आजारी आहे ते कळे.

मी, सुजाता साळवे, तेव्हा बारावी पास झाले होते आणि नाशिकच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सिंगच्या शाळेत अर्ज केला होता. मुलाखतीचं पत्र आलं तो दिवस अजून आठवतो, कारण आईने त्या दिवशी गव्हाची खीर केली आणि भाऊंनी पोस्टमनला हात धुवायला लावून मग खीर दिली. आईच्या मनात मी नर्स व्हावं असं फार होतं. आत्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, पण तिच्या पिशवीत कळवणकडचं एक स्थळ तयार होतं. मुलाची टोमॅटोची शेती, स्वतःची जीप, आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे "तब्येतीनं लय दणकट". घरात ठरलं ते असं: मुलाखतीत निवड झाली तर ठीक, नाही तर जीपवाल्याला बघायला बोलवायचं. मला जीपचं वाईट वाटत नव्हतं. पण दणकट या शब्दाची मला भीती वाटे.

मुलाखतीला फोटोच्या दोन प्रती न्यायच्या होत्या. फोटो काढायला नाशिकरोडला जायच्या आदल्या संध्याकाळी मी आईची शिवणाची कात्री घेऊन मोरीत शिरले आणि कपाळावर झिपऱ्या कापल्या. कॉलेजातल्या दोन-तीन मुलींच्या तशा होत्या. त्यांच्या कपाळावर त्या झुळझुळत. माझ्या कपाळावर त्या झाडूच्या टोकासारख्या उभ्या राहिल्या. आईने बघितलं आणि एकच वाक्य बोलली, "हे वर्गात कुणी केलं असतं तर मी पालकांना बोलावलं असतं." मग तीच पालक असल्याचं तिच्या लक्षात आलं आणि ती आणखी चिडली.

दुसऱ्या दिवशी फोटो काढून आले, दुपारी जेवायला बसले, ठेचा लावलेला भाकरीचा पहिला घास तोंडात घातला आणि उचकी लागली. "उक्." आई म्हणाली, ठेचा कमी खा. मी पाणी प्यायले. "उक्." भाऊंनी विचारलं, पाणी माठातलंच ना? आत्या म्हणाली, "गुचकी लागली म्हंजी कुणीतरी आठवण काढतंय." आणि सगळे जेवू लागले. उचकी कुणाला लागत नाही? ती येते, दहा मिनिटं राहते, जाते. माझी अकरा दिवस राहिली.

हे वाचायला गमतीचं वाटेल. मलाही आता वाटतं. परवा माझी नात मोबाइलवर वाचून मला सांगत होती की तिला एक दुर्मीळ आजार झालाय, जगात फार थोड्या लोकांना होतो. तपासलं तर सँडलचा पट्टा करकचून बांधला होता. मी हसले, पण बेतानेच. कारण शरीर एखादी बारीकशी गोष्ट करत राहिलं आणि ती थांबेचना, तर माणूस कसा रडकुंडीला येतो ते मी भोगलंय. मिनिटाला आठ-दहा उचक्या. घास गिळायच्या नेमक्या वेळी उचकी आली की तो नाकात जाई. झोप लागे ती तुकड्यातुकड्यांनी. चौथ्या दिवशी बरगड्या दुखायला लागल्या, सहाव्या दिवशी परकराची नाडी चार बोटं आत घ्यावी लागली. आईने माझ्याकडे बघून आळसाचा सिद्धान्त गुपचूप मागे घेतला.

उपाय सुरू झाले. चमचाभर साखर जिभेवर ठेवून न चावता विरघळवली. पेल्याच्या पलीकडच्या काठाने वाकून पाणी प्यायले. ते सगळं नाकातून बाहेर आलं. श्वास कोंडला, भाऊ घड्याळ धरून उभे राहिले आणि "पस्तीस, छत्तीस" म्हणेपर्यंत ठीक होतं, सदतीसला उचकी आणि श्वास एकदमच सुटले आणि घड्याळ पडलं. पलीकडच्या रांगेतल्या शेखचाचींनी वेलदोड्याचा काढा पाठवला, तो इतका चविष्ट होता की आत्याच प्यायली. नाशिकरोडचे आमचे नेहमीचे डॉक्टर कुठल्याही आजाराला बाटलीवर कागदी खुणा चिकटवून लाल औषध देत. त्यांनी यावेळी लाल औषधाबरोबर पांढरी गोळी दिली, यावरून भाऊंनी ओळखलं की दुखणं गंभीर आहे. मग आत्याने मोरपीस जाळून त्याची राख मधातून द्यायचं काढलं. आमच्या घरात गंडा, दोरा, अंगारा यांना बंदी होती; हॉलमध्ये भगवान बुद्धांची तसबीर होती आणि भाऊ तिच्याकडे बोट दाखवून सांगत की या घरात विचारल्याशिवाय काही मानायचं नाही. मोरपिसाची राख औषधात धरायची की अंगाऱ्यात, यावर त्यांनी एक पूर्ण संध्याकाळ विचार केला. शेवटी म्हणाले, "जळलेल्या वस्तूत जंतू राहत नाहीत. देऊ शकतेस." मी ती राख खाल्ली. फक्त मधाचा उपयोग झाला, गोड लागला.

त्यानंतर सगळ्या कॉलनीने मला दचकवायला घेतलं. शेजारच्या पवारकाकू सकाळी दूध घ्यायला आल्या आणि "अगं, तुझा निकाल चुकीचा लागला म्हणे!" असं किंचाळल्या. आईने खोट्या पालीवर खरा झाडू मारला. सगळ्यात कठीण गेलं ते भाऊंना. त्यांनी आयुष्यात कुणाला फसवलेलं नव्हतं. एका दुपारी ते पाळीवरून आले, न धुता दारामागे उभे राहिले, मी आत येताच काळ्याकुट्ट चेहऱ्याने पुढे आले आणि अगदी हळू, जणू माफी मागत असल्यासारखे म्हणाले, "भो." मी घाबरले नाही, पण त्यांना इतकं ओशाळलेलं पाहून मला रडू आलं. त्यामुळे आता रडणं आणि उचकी दोन्ही एकदम.

आठव्या दिवशी आत्याने स्वतःचा उपाय हाती घेतला. उचकी लागली की नावं घ्यायची. जो आठवण काढत असेल त्याचं नाव आलं की उचकी थांबते, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आत्याने मला पाटावर बसवलं, आपण मागे बसली, मी हलू नये म्हणून माझा डावा कान पिळून धरला आणि कळवण तालुक्यापासून सुरुवात केली. मावश्या, माम्या, चुलतचुलते, त्यांच्या सुना. एकेक नाव, कानाला एकेक झटका, मग थांबून वाट. "उक्." पुढचं नाव. मनमाडचे नातेवाईक संपले, सटाण्याचे संपले. आत्याकडची माणसं संपली तेव्हा ती आमच्या रांगेतल्या क्वार्टरांवर आली. गायकवाड. उक्. शेख. उक्. पवारकाकू. उक्. "पवारीणबाईचा सुधाकर," आत्या म्हणाली.

आणि शांतता.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. भाऊंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि माझ्या तोंडातून काहीच येत नव्हतं. एक मिनिट, पाच मिनिटं, अर्धा तास. सात दिवसांत पहिल्यांदा मी घोटभर चहा सरळ प्यायले. पण कुणाला आनंद झालेला दिसेना. सुधाकर म्हणजे पवारकाकूंचा मोठा मुलगा, मनमाडला रेल्वेत नोकरीला होता, दर रविवारी इस्त्रीची पॅन्ट घालून घरी यायचा. मी आजवर त्याच्याशी मोजून चार वाक्यं बोलले होते आणि त्यातली दोन जीवशास्त्राबद्दल होती. आईने विचारलं, "सुजाता, हे काय आहे?" मी म्हणाले, "काही नाही." आणि काही नसताना मी लाल झाले. पाऊण तासाने कूस बदलून आडवी झाले तेव्हा उचकी परत सुरू झाली, पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. आत्याने ही बातमी नेहमीच्या आवाजात आईला सांगितल्यामुळे दोन रांगांना ती कळली होती.

भाऊ मात्र पुरावा मागणारे गृहस्थ. "योगायोग आहे," ते म्हणाले. "प्रयोग करून बघू." ते खुर्चीत बसले, मला समोर उभं केलं आणि हजेरी घेतल्यासारखं म्हणाले, "सुधाकर." उक्. "सुधाकर पवार." उक्. "सुधाकर पवार, मनमाड." उक्. भाऊंचा चेहरा उजळला. "बघितलंस, आक्का?" आत्याने हात कानामागे धरून ते पुन्हा वदवून घेतलं, आणि म्हणाली, "तू असं नाव घेतूस जसं त्याला पगार द्यायचाय. सर बाजूला." ती माझ्यामागे बसली, कान धरला, झटका दिला आणि मायेने म्हणाली, "सुधाकर!" उचकी थांबली. भाऊ बराच वेळ तसबिरीकडे बघत बसले.

रविवारी सुधाकरला बोलावणं गेलं. तो आणि पवारकाकू आले. आईने पोहे केले होते, वर शेव आणि कोथिंबीर. अशा प्रसंगाला पोहे करू नयेत हे तिला फार उशिरा सुचलं, कारण पवारकाकू ते पोहे बघून एकदम वेगळंच समजल्या आणि पदर सावरून बसल्या. मी आतल्या दाराशी उभी, उचकी त्याच रात्री परत आलेली, दर सहा सेकंदांनी उक्. भाऊंनी घसा साफ केला. "सुधाकर, एक विचारतो. खरं सांग. तू आमच्या सुजाताची आठवण काढतोस का?"

सुधाकरने बशी खाली ठेवली. त्याचे कान लाल झाले. "हो, काका."

"उक्," मी म्हणाले.

"कधी?"

"रोजच. म्हणजे ड्यूटीवर गेलो की."

पवारकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. आई भिंतीला टेकली. भाऊंनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "का रे बाबा?"

"काका, माझं जीवशास्त्राचं गाइड तिच्याकडे आहे," सुधाकर भडाभडा बोलू लागला. "परीक्षा होऊन किती दिवस झाले. माझ्या साहेबांच्या मुलाला ते हवंय, मी कबूल करून बसलोय. साहेब रोज सकाळी विचारतात, पवार, गाइडचं काय झालं? की मला सुजाताची आठवण येते. पण मुलीच्या घरी येऊन मागायचं कसं, म्हणून गप्प होतो."

आत्याला काही ऐकू गेलं नव्हतं. "काय म्हणतोय? कबूल हाय का?" तिने विचारलं. मी आत गेले, गाइड आणलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यातल्या पचनसंस्थेच्या पानात मी कण्हेरीचं एक फूल दाबून ठेवलं होतं, ते आधी काढून घेतलं. ते कशासाठी ठेवलं होतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आता सांगून उपयोग नाही. मला दीड-एक मिनिट वाईट वाटलं एवढं खरं. सगळे माझ्याकडे बघत होते. गाइड परत गेलं, आठवण फिटली, आता उचकी थांबायला हवी. पवारकाकूंनी हात जोडले. "उक्," मी म्हणाले, आणि सुधाकरने उरलेले पोहे संपवले.

मुलाखतीचा दिवस अकरावा. भाऊंची पहिली पाळी, आईच्या शाळेत तपासणी, म्हणून माझ्याबरोबर आत्या आली. बसमध्ये आमच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले. उचकी संसर्गजन्य असते अशी कुणाची तरी समजूत होती. मुलाखतीच्या खोलीत टेबलामागे तिघं होते. मधोमध मेट्रन, पांढरी टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. एका बाजूला चष्मेवाले डॉक्टर, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारे कारकून. "नाव?" कारकुनांनी विचारलं.

"सुजाता उक्..."

"उके," ते पुटपुटले आणि त्यांनी लिहिलं. "सुजाता उके. पुढं?"

"साळवे. उक्."

"साळवे की उके? एक काय ते सांगा."

मेट्रनने हात वर केला. "किती दिवस झाले?" मी सांगितलं. साखर, राख, लाल औषध, सगळं सांगितलं. सुधाकर तेवढा वगळला. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "इंजेक्शन देताना ही आली, तर सुई पेशंटच्या कुठे जाईल?" "उक्," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "आम्ही दोन वाजता उठतो. पलीकडे ओपीडी आहे. दाखवून ये. थांबली तर दोनच्या आत परत ये. नाही तर पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी म्हणजे जीप. मी धावत बाहेर आले. तेव्हा सव्वाबारा झाले होते आणि ओपीडीची रांग व्हरांडा ओलांडून निंबाच्या झाडाखाली गेली होती. आत्याने रांगेला माझी सगळी कथा सांगितली. एरवी रांगेत कुणी कुणाला पुढे सोडत नाही, पण आत्याचा आवाज दहा मिनिटं ऐकल्यावर लोकांनी आपण होऊन वाट दिली. एका आजोबांनी जाता जाता सांगितलं की त्यांच्या बैलाला असंच झालं होतं आणि त्यांनी तो विकला.

आत एक शिकाऊ डॉक्टर मुलगी बसली होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. डोळ्यांखाली काळं, पेनाची शाई बोटांना, समोर थंड झालेला चहा. तिने जीभ बघितली, पोट दाबलं, छाती ऐकली. मग विचारलं, "मध्ये कधी थांबली होती का?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या सुरू झाली. "थांबली व्हती ना! दोनदा! सुधाकर म्हणलं की थांबायची!" खोलीतले सगळे पेशंट वळून बघू लागले. आत्याने नावांची यादी, पोहे, गाइड, सगळं ओरडून सांगितलं. मला वाटलं, आता ही डॉक्टर हसेल. ती हसली नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि अगदी मोठ्याने, आत्याला कळेल अशा आवाजात विचारलं, "नाव घेताना तुम्ही काय करत होतात?"

"काय करणार? हिचा कान धरला व्हता. लय हलती."

"कोणता कान?"

"ह्यो. डावा."

"आणि हिच्या वडिलांनी नाव घेतलं तेव्हा?"

"त्यो कशाला कान धरील? त्यो खुर्चीत बसला व्हता."

डॉक्टरने उठून माझा डावा कान वर आणि मागे ओढला. आम्ही तिघीही वाट बघत राहिलो. उचकी आली नाही. तिने कान सोडून जरा हलवला. "उक्." पुन्हा ओढला. शांत. "नाव घ्यायचं का?" आत्याने विचारलं. "नको," डॉक्टर म्हणाली, आणि दिवा असलेलं कानात बघायचं छोटं यंत्र तिने माझ्या कानाला लावलं. बराच वेळ बघितलं. मग लांब बारीक चिमटा आत गेला, कानात खरखर झाली, आणि तिने चिमटा उजेडात धरला. त्याच्या टोकाला एक केस होता. नखाएवढा, काळा, ताठ.

"केस कधी कापलेस?" ती माझ्या कपाळाकडे बघत म्हणाली.

तिने समजावून सांगितलं ते मी अजून नर्सिंगच्या नव्या मुलींना तसंच सांगते. छाती-पोटाकडे जाणारी एक मोठी नस असते, तिचा एक बारीक फाटा कानात येतो. केस पडद्याला टेकून त्या फाट्याला सारखा डिवचत होता आणि खाली उचकी येत होती. कान नेमका वर आणि मागे ओढला की केस पडद्यापासून सरकायचा; आत्याचे आधीचे झटके खाली बसले आणि सुधाकरच्या नावाचे दोन्ही वर, इतकंच. एरवी उचकीचं कारण कानात सापडतं ते हजारात एखाद्याचं; तिने ते पुस्तकात एका ओळीत वाचलं होतं, पण ती ओळ आठवली ती आत्याच्या बोलण्यामुळे. मी उचकीची वाट बघत बसले होते. अकरा दिवसांनंतर ती येत नाही हेच भीतिदायक वाटत होतं.

मी उठणार, इतक्यात आत्याने स्टुलावर बसकण मारली. "माझ्याबी कानात बघ."

"काय होतंय?"

"काय?"

"काय होतंय कानाला?"

"काय होणार? काय नाय. हिचं बघितलंस, माझं बघ."

डॉक्टरने बघितलं आणि भुवया वर केल्या. कोमट पाण्याची पिचकारी आली, एक बाई तबक धरून उभी राहिली. घड्याळात दीड. मी दाराशी नाचत होते. पहिल्या कानातून नुसता मळ निघाला. दुसऱ्या कानातून बरीच खटपट केल्यावर एक काळपट बोंड तबकात पडलं. डॉक्टरने ते चिमट्याने उलगडलं. बाहेर कापूस होता आणि आत सुकून खडा झालेली लसणाची पाकळी. आत्या तिच्याकडे जुनी ओळख पटल्यासारखी बघत राहिली. "कान ठणकत व्हता तवा घातली व्हती," ती म्हणाली. "मी म्हणलं, पडली आसंल कुठं." मग एकदम दचकून तिने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि कुजबुजत म्हणाली, "अगं बाई, किती वरडताय तुम्ही समदी!"

मी दोनला सात कमी असताना मुलाखतीच्या खोलीत पोचले. मेट्रनने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि तिघंही माझ्या तोंडाकडे बघत बसले. पाच मिनिटं गेली. कारकुनांना शिंक आली तेव्हा आम्ही चौघंही उडालो. शेवटी मेट्रनने विचारलं, "कशाने थांबली?" डॉक्टर मुलीने तो केस केसपेपरवरच चिकटपट्टीने लावून दिला होता. मी कागद पुढे केला. चष्मेवाल्या डॉक्टरांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला, खाली लिहिलेलं वाचलं आणि "वा!" म्हणाले, ते मला नव्हतं, तिला होतं. मेट्रनने अजून तीन-चार प्रश्न विचारले. मी सरळ, सलग वाक्यात उत्तरं दिली, आणि अकरा दिवसांनी सलग वाक्य बोलायला मिळालं याचा मला इतका आनंद झाला की विचारल्यापेक्षा जास्तच बोलले. "सोमवारी ट्रंक घेऊन ये," त्या म्हणाल्या. "आणि त्या झिपऱ्या पिना लावून वर घे. इथं आधीच पुष्कळ काम आहे."

संध्याकाळी घरी पेढे आले. भाऊंनी आत्याला लसणाची पाकळी कुठे आहे ते विचारलं, बघायची होती म्हणून. पवारकाकू येऊन गेल्या, जरा हिरमुसल्या होत्या. मी आतल्या खोलीत ट्रंक पुसत होते. आई स्टोव्हपाशी आमटी ढवळत होती, आणि आता एक गोष्ट सांगायला हवी, जी घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी कधी बोललं नव्हतं. आई स्वयंपाक करताना आत्याबद्दल बोलत असे. आत्या दोन हातांवर बसलेली असताना, तिच्यादेखत, हलक्या आवाजात. गेली सहा-सात वर्षं रोज. त्यात फार विष नव्हतं. शाळेत दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांवर चढवलेला आवाज ती तिथे खाली ठेवत असे इतकंच. त्या दिवशीही सवयीने तिची सुरुवात झाली. "पुन्हा मीठ घातलं. सांगितलं तरी घालतात. मिसरीची डबी फडताळात ठेवतात. माझी चांगली चादर मुलीच्या ट्रंकेत भरून मोकळ्या, मला विचारलं कुणी..."

"चादर काढून ठिवते," आत्या म्हणाली. हळू आवाजात.

आईचा डाव आमटीत थांबला. ती वळली नाही. मला दारातून तिची पाठ दिसत होती आणि त्या पाठीवरून सहा-सात वर्षांचं बोलणं भराभर सरकत असल्यासारखं वाटत होतं. स्टोव्हचा भर्र आवाज तेवढा चालू. आत्या पाट सरकवत तिच्याजवळ गेली, आणि मी कधी ऐकलं नव्हतं अशा मऊ आवाजात म्हणाली, "सुमन, माझ्यासंगट रोज येवढं बोलतीस व्हय तू? आन् मी आपली समजत व्हते, भावजय लय अबोल मिळाली."

आईने स्टोव्हला उगीचच चार पंप मारले. मग चमचाभर आमटी आत्याच्या तळहातावर घातली आणि म्हणाली, "आक्का, मीठ बघा."

आत्याने चाखली. "जास्त झालंय," ती म्हणाली.